दप्तराचा पट्टा दरवेळी त्याच जागी का सुटतो?

जूनच्या तोंडावर शाळा उघडल्या आणि पंधरा दिवसांतच मुलाच्या दप्तराचा उजवा पट्टा वरून सुटला. दप्तर मी घरी शिवलेलं. बेळगावच्या खडे बाजारात फिरून मॅटीचं जाडंभरडं कापड, नायलॉनची निवार, चेन, बकल सगळं निवडून आणलं होतं आणि चार रात्री बसून शिवलं होतं. सुटलेल्या जागी पुन्हा टीप मारली. आठ दिवसांनी पुन्हा तिथंच सुटलं. मग जाड दोरा घातला. या वेळी दोरा टिकला, पण कापडच फाटून हातात आलं. एका संध्याकाळी पोरगा पावसात भिजत, दप्तर पोटाशी कवटाळून घरी आला. वह्यांची शाई उतरलेली. त्या रात्री मी ठरवलं की आता नुसती टीप मारायची नाही, हे का होतंय ते शोधायचं.

त्यानंतर मी घरच्यांसाठी आणि शेजारपाजारच्या मुलांसाठी बरीच दप्तरं शिवली, आणि तितकीच दुसऱ्यांची उसवलेली दुरुस्त केली. वडगाव, शहापूर, अनगोळ भागातल्या ज्या बायका घरी पिशव्या शिवतात, त्यांच्याकडूनही हीच तक्रार ऐकते: बाकी सगळं शिवण उत्तम, पट्ट्याचा सांधा तेवढा टिकत नाही. कारण एकच आहे. दप्तराच्या ज्या जागेवर सगळ्यात जास्त ओझं येतं, नेमकी तीच जागा सगळ्यात जाड असते, आणि घरची मशीन जाड जागा सगळ्यात वाईट शिवते. वरून टीप छान दिसते, आत ती पोकळ असते.

म्हणून दुरुस्तीला बसण्याआधी सुटलेली जागा बघा. दप्तर उलटं करा, अस्तर बाजूला घ्या आणि खिडकीजवळच्या उजेडात नीट बघा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघितलं तर आणखी बरं. तिथं तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

कापडाला सुईची भोकं ओळीनं पडलीत, पण त्यांत दोरा अडकलेलाच नाही, किंवा मध्येच पाऊण इंचाचा एकच लांब टाका लोळतोय, तर तिथं टाके उडालेले आहेत. टाके सगळे आहेत पण दोरा तुटलाय, टोकं पिंजल्यासारखी झालीत, तर दोष दोऱ्यात किंवा सुईत आहे. आणि टीप शाबूत असून तिच्या कडेनं कापड फाटलंय, किंवा कापडाचे धागे शिवणीतून निसटून बाहेर आलेत, तर दोष शिवायच्या पद्धतीत आहे. तिन्हींचे उपाय वेगळे. पहिल्या दुखण्यावर दुसऱ्याचं औषध लावलं तर ते वाढतं. जाड दोऱ्यानं माझं कापड फाटलं ते त्याचमुळे.

टाके उडतात तेव्हा

दहापैकी सात दप्तरांत मला हेच सापडतं.

माझी मशीन बिघडली असं समजून मी ती आमच्या गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या दुरुस्तीवाल्या काकांकडे नेणार होते. त्यांनी मशीन आणू नका, दप्तर आणा म्हणून सांगितलं. त्यांच्याच मशीनवर त्यांनी माझ्या दप्तराचा सांधा ठेवला, पायाखालचं पायडल सोडलं आणि उजव्या हातानं हातचाक हळूहळू फिरवायला लागले. मी सुईकडे बघत होते. ते म्हणाले, "सुईकडं नगा बघू. फूट बघा. चढाला लागला की कसा तोंड वर करतोय ते बघा."

आणि खरंच, कापड दाबून धरणारा फूट साध्या कापडावरून पट्ट्याच्या जाड थरावर चढायला लागला तसा त्याचा पुढचा भाग वर उचलला गेला आणि मागचा भाग खाली झुकला. सुई उतरली तिथं खाली कापड होतं, पण त्याला वरून धरणारं काहीच नव्हतं. सुई वर निघाली तसं कापडही तिला चिकटून दोन मिलिमीटर वर आलं आणि मग खाली पडलं.

त्या दोन मिलिमीटरमध्येच सगळं आहे. मशीनचा टाका सुई खाली जाताना बनत नाही, ती खालून परत वर निघाल्यावर बनतो. सुई सगळ्यात खाली जाऊन किंचित वर आली की कापडात घर्षणानं अडकलेला दोरा तिच्याबरोबर वर जाऊ शकत नाही, म्हणून सुईच्या एका बाजूला त्याचा छोटासा फासा फुगतो. त्या फाशात शटलचं, म्हणजे सुईखाली फिरणाऱ्या भागाचं, टोक शिरतं आणि वरचा दोरा खालच्या बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवून आणतं. कापडच सुईबरोबर वर गेलं तर फासा फुगत नाही. शटल रिकामं फिरतं. भोक पडतं, टाका पडत नाही. जाड सांध्यावर असं सलग चार-पाच वेळा झालं की निम्मा पट्टा नुसत्या भोकांवर उभा असतो.

उपाय फुकटचा आहे. पुठ्ठ्याचा किंवा त्याच कापडाचा तुकडा घडी घालून सांध्याइतका जाड करा. शिवत शिवत चढाच्या अगदी जवळ या, सुई कापडात खाली असताना थांबा आणि फूट उचला. घडीचा तुकडा फुटाच्या मागच्या टाचेखाली सरकवा आणि फूट खाली सोडा. आता फूट सपाट बसेल, कारण पुढे जाड सांधा आणि मागे तितकीच जाड घडी. हळू शिवत वर चढा, घडी मागे आपोआप निघून जाते. उतरताना उलटं. तिथं फुटाचा पुढचा भाग खाली पडतो, म्हणून घडी पुढच्या टोकाखाली ठेवायची. उतारावरचे टाके बहुतेक जण विसरतात आणि पट्टा नेमका उतारावरच्या कोपऱ्यातून उसवायला लागतो.

या जागी पायडल मारू नका, मोटर असली तरी बंद करा. हातचाकानं एकेक टाका घाला. एका पट्ट्याला पन्नासएक टाके लागतात, पाच मिनिटांचं काम आहे. सुई पूर्ण खाली जाऊन वर येईपर्यंत कापडाला हात लावू नका. जाड जागी आपण नकळत कापड मागून ओढतो, त्यानं सुई वाकते, वाकलेली सुई शटलपासून लांब जाते आणि पुन्हा टाका उडतो, नाही तर सुई खालच्या पत्र्यावर आपटून मोडते. मोडलेलं टोक कधी शटलमध्ये पडतं, ते काढल्याशिवाय पुढं शिवू नका.

दुसरी गोष्ट, थरच कमी करा. माझ्या पहिल्या दप्तराच्या सांध्यात किती थर होते ते मी उसवल्यावर मोजलं: पाठीचं कापड, फोम, अस्तर, पट्ट्याचं दुहेरी कापड, त्यातला फोम, वरच्या हातधरणीच्या निवारीचं टोक आणि या सगळ्यावर दुमडलेली झाकणपट्टी. नऊ थर! त्यांतले दोन फोमचे, जे शिवणीत काहीच काम करत नाहीत, उलट कापडाला स्प्रिंगसारखं वर ढकलतात. फोम शिवणीच्या रेषेच्या अर्धा इंच आधीच कापून टाका, पाठीचाही आणि पट्ट्याचाही. हातधरणीची टोकं पट्ट्यांच्या मधोमध घ्या, पट्ट्यावर चढवू नका. उरलेला सांधा शिवायच्या आधी ठोकून घ्या. मी पाटावर जाड फडकं घालून खलबत्त्याच्या बत्त्यानं ठोकते. मॅटी आणि निवार ठोकल्यावर लक्षात येण्याइतकी बसते. आमच्या सासूबाई वाकळ शिवताना काठाची जाड घडी अशीच हातानं चेपून, दाबून मग सुई घालायच्या. मशीनला हात नाहीत, ते काम आपणच आधी करून ठेवायचं.

मशीनच्या डोक्यावर फुटाचा दाब कमीजास्त करायचा स्क्रू असतो. ब्लाऊजसाठी तो सैल ठेवलेला असेल तर जाड कामाला थोडा आवळा. काम झाल्यावर परत पूर्ववत करा, नाही तर पुढचं मलमलीचं कापड खालून सरकवणाऱ्या दात्यांत ओरबाडून निघेल.

सुई कोणती

घरात ब्लाऊज शिवणाऱ्या बहुतेक मशीनांत ११ किंवा १४ नंबरची सुई असते आणि तीच वर्षभर चालते. मॅटी, कॅनव्हास, जीन्सच्या दप्तराला १६ नंबर घाला, सांध्यासाठी १८. पाकिटावर १००/१६, ११०/१८ असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १०० म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. बारीक सुई जाड थरात वाकते. तिचं भोकही इतकं अरुंद पडतं की दोऱ्याला फासा फुगवायला जागा मिळत नाही.

जीन्ससाठीची सुई वेगळी मिळते, ती दांडग्या अंगाची आणि टोकदार असते, दप्तराला उत्तम. चामड्याची सुई मात्र कॅनव्हासला वापरू नका. तिच्या टोकाला पातं असतं, ते कापडाचे धागे कापत जातं. चामड्याला ते हवं असतं, विणलेल्या कापडाला नको.

घरगुती मशीनची सुई एका बाजूनं चपटी असते, कारखान्यातल्या मशीनची दांडी पूर्ण गोल. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि गर्दीत चुकीची हातात पडते. आपली जुनी सुई बरोबर घेऊन जा. बसवताना पूर्ण वरपर्यंत ढकला, मग स्क्रू आवळा. कुठल्या बाजूनं बसवायची हा गोंधळ असेल तर सुई नखावर फिरवून बघा. एका अंगाला लांब खाच असते. दोरा ज्या बाजूनं ओवायचा त्या बाजूला ती खाच यायला हवी, आणि चपटी बाजू शटलच्या टोकाकडे. उलटी बसली तर एकही टाका धड पडत नाही. किंचित तिरकी बसली तर साधं कापड शिवलं जातं आणि जाड जागी टाके उडतात. फसवणारी चूक आहे ती, कारण मशीन तर चालू असते.

एका दप्तराला एक नवी सुई, हा माझा नियम आहे. पावसाळ्यात तर आमच्याकडे सुयांना गंज धरायला वेळ लागत नाही. जांबोटी, खानापूरकडच्या हवेत आणखी लवकर. पाकीट मशीन ऑइल लावलेल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवते.

दोरा तुटतो तेव्हा

नेहमीचं सुती रीळ दप्तराला घेऊ नका. भिजून वाळून ते कमजोर होतं आणि बेळगावच्या पावसात दप्तर रोज भिजतंच. पॉलिस्टर किंवा नायलॉनचा दोरा घ्या. बॅगवाल्यांकडे २१० डेनिअर तीन पदरी नायलॉनचा दोरा मिळतो. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. तीन पदर मिळून ६३० डेनिअर होतं, दुसऱ्या मोजमापात ते टेक्स ७०. घरच्या मशीनला हा दोरा म्हणजे शेवटची पायरी आहे आणि तो १८ नंबरच्या सुईतच जातो. त्याहून जाड घालू नका. टेक्स ४० च्या आसपासचा पॉलिस्टर दोरा मला रोजच्या कामाला जास्त आवडतो, मशीन कुरकुरत नाही आणि टीप सुबक येते.

दोरा सुईजवळ पिंजून तुटत असेल तर सुईच्या भोकाला धार आली आहे किंवा भोक दोऱ्याला लहान पडतंय. दोऱ्याचा तुकडा सुईत ओवून सुई उभी धरा, ती आपल्या वजनानं दोऱ्यावरून सरसर घसरली पाहिजे. अडखळली तर मोठी सुई घ्या. मोटरवर जोरात शिवल्यानंतर दोऱ्याचं टोक वितळून गोळी झालेलं दिसलं तर सुई तापली आहे. वेग कमी करा.

खालून दोऱ्याचे झुपके येत असतील तर बॉबिनचा स्क्रू फिरवायच्या आधी वरचा दोरा काढून पुन्हा ओवा, आणि ओवताना फूट वर उचललेला ठेवा. फूट खाली असला की टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मध्ये जातच नाही, नुसता कडेवर राहतो. एवढ्या एका कारणानं मी दोन रात्री घालवल्या आहेत. बॉबिनमध्ये जाड दोरा भरायचा असेल तर डबीवरच्या बारीक स्क्रूला आधी मार्करनं खूण करा, मग पाव आट्यानं सैल करा. खूण असली की मागे येता येतं.

कापड फाटतं तेव्हा

इथं दोन चुका असतात आणि दोन्ही जास्त मजबुतीच्या हौसेतून होतात.

पहिली, टाके फार बारीक. मला वाटायचं जितके टाके जवळ तितकी शिवण घट्ट. हिशेब करून बघा. १८ नंबरची सुई १.१ मिलिमीटर जाड. इंचाला १४ टाके घातले तर त्या एका इंचात, म्हणजे २५.४ मिलिमीटरमध्ये, भोकांचीच रुंदी १५ मिलिमीटरच्या वर जाते. अर्ध्याहून जास्त कापड आपण सुईनं पोखरलं. इंचाला ८ टाके घातले तर भोकं नऊ मिलिमीटरच्या आत राहतात. विणलेल्या कापडात सुई धागे थोडे बाजूला सारते म्हणून ते निभावून नेतं. पण रेक्झिन किंवा मागून प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कापडात भोक पडलं की पडलं, ते मिटत नाही. पोस्टाच्या तिकिटांच्या मधली भोकांची ओळ जशी फाटते तसं ते फाटतं. म्हणून दप्तराला टाका तीन ते साडेतीन मिलिमीटर ठेवा. उलटसुलट टीपही दोन फेऱ्यांच्या वर नको. चुकलेली टीप उसवून त्याच रेषेवर परत मारली तर भोकं दुप्पट होतात. नवी रेषा जुन्याच्या आत दोन-तीन मिलिमीटर घ्या. उसवलेल्या दप्तरावर मी तीनदा त्याच रेषेत टीप मारली होती, चौथ्यांदा फाटायला तिथं कापड उरलंच नव्हतं.

दुसरी चूक पट्टा लावायच्या पद्धतीत आहे. पट्ट्याचं टोक पाठीच्या आणि वरच्या कापडाच्या मध्ये घालून एकच आडवी टीप मारली, की दप्तर उचलताना पट्टा त्या टिपेला सोलून काढायला लागतो. चिकटपट्टी भिंतीला समांतर ओढली तर निघता निघत नाही, टोक धरून वर सोलली की सहज निघते. टिपेचंही तसंच. सोलताना सगळं ओझं एका वेळी एकाच टाक्यावर येतं, कोपऱ्यातला टाका तुटतो, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा.

म्हणून ओझं समांतर ओढीत बदलायचं. पट्ट्याच्या टोकाला निवार लावून ती पाठीच्या कापडावर निदान दोन इंच खाली उतरवा आणि तिथं चौकोन शिवून आत फुली मारा. बाजारच्या चांगल्या बॅगांवर हा चौकोन-फुलीचा ठसा दिसतो, तो शोभेचा नाही. चौकोनाच्या चार बाजू आणि फुलीच्या दोन रेषा मिळून ओझं पन्नास-साठ टाक्यांवर वाटलं जातं. दोऱ्याची जोडणी चौकोनाच्या वरच्या ओळीत करू नका, तिथं ताण सगळ्यात जास्त. खालच्या ओळीत सुरुवात आणि शेवट करा. चौकोनाच्या मागे, आतल्या बाजूनं, निवारीचा किंवा जाड कापडाचा एक तुकडा ठेवून सगळं एकत्र शिवा. एकट्या मॅटीला हा चौकोन पेलत नाही, मागचा तुकडा तो ताण आजूबाजूला पसरवतो.

खालचं टोक थेट बाजूच्या शिवणीत घालू नका. कापडाचा एक त्रिकोण दुमडून त्यात निवार शिवा आणि त्रिकोणाची लांब बाजू शिवणीत घ्या. एक इंचाच्या निवारीचा ताण मग तीन इंचांच्या शिवणीवर पडतो.

मॅटीच्या कापलेल्या कडेचे धागे सुटतात. शिवणीच्या बाहेर पाव इंच कापड सोडलं तर ते महिन्याभरात सुटून टिपेपर्यंत पोचतात आणि शिवण नुसती उघडते. अर्ध्या इंचाहून कमी सोडू नका आणि आतून गोट मारा. नायलॉनच्या निवारीचं टोक मेणबत्तीवर धरून वितळवून बंद करता येतं, सुती निवारीचं येत नाही, ती जळते, तिला दुमडूनच शिवायला हवी.

कापड बेतताना दिशा बघा. आमचे सासरे वडगावात मागावर बसायचे. ते कापड हातात आलं की आधी उभं ओढून बघायचे, मग आडवं. उभे धागे मागावर ताणून धरलेले असतात, म्हणून त्या दिशेनं कापड कमी सैलावतं. पट्टे नेहमी काठाला समांतर, उभ्या धाग्याच्या दिशेनं बेता. कापड वाचवायला आडवे काढले तर ते महिन्यात लोंबायला लागतात.

प्लॅस्टिकचा थर असलेलं कापड फुटाखाली चिकटून सरकत नाही, टाके आखूड होतात. वर वर्तमानपत्राची किंवा ट्रेसिंग कागदाची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून काढा. टाचण्या टोचू नका, त्यांची भोकं राहतात आणि त्यांतून पाणी येतं. कपड्याचे चिमटे लावा. दुतर्फी चिकटपट्टीनं पट्टा जागेवर धरायची सवय असेल तर टीप तिच्यावरून नेऊ नका, गोंद सुईला लागतो आणि त्यानंही टाके उडतात.

मशीनच बिघडली आहे का?

हे ठरवायला नवी सुई घाला, साधं सुती कापड दुहेरी घ्या आणि एक हातभर टीप मारा. तिथं टाके उडाले नाहीत तर मशीन ठीक आहे, वर सांगितलेलंच काहीतरी चुकतंय. साध्या कापडावरही उडत असतील तर आधी शटल काढून आतला दोऱ्यांचा पिंजर आणि धूळ साफ करा. मशीन ऑइलचा एक थेंब द्या. खोबरेल तेल अजिबात नको, थंडीत ते आत गोठतं आणि शटल जड फिरायला लागतं. एवढं करूनही उडत असतील तर शटलचं टायमिंग सरकलंय. सुई तळातून वर निघून सुमारे दोन मिलिमीटर आली की शटलचं टोक तिच्या भोकाच्या जरा वर पोचायला हवं. ते स्वतः जुळवायला जाऊ नका. कारागिराला "मशीन चालत नाही" असं न सांगता "नव्या सुईनं, साध्या कापडावर टाके उडतात" असं सांगा, त्याचा अर्धा तास वाचतो.

मुलाच्या खांद्यावर द्यायच्या आधी

दप्तर दाराच्या मजबूत हुकाला एका पट्ट्यानं टांगा आणि आत पाण्याच्या बाटल्या ठेवा. एक लिटर म्हणजे एक किलो, वजनकाटा लागत नाही. कर्नाटक सरकारच्या २०१९ च्या आदेशात पहिली-दुसरीला दीड ते दोन किलो, तिसरी ते पाचवी दोन ते तीन, सहावी ते आठवी तीन ते चार आणि नववी-दहावीला चार ते पाच किलो अशी दप्तराची मर्यादा घातली आहे. केंद्राच्या २०२० च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा दप्तर जड नको असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात आमच्या मुलांच्या पाठीवर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हींची पुस्तकं, वह्या, डबा, पाण्याची बाटली आणि पावसाळ्यात रेनकोट असतो. शिवाय बस पकडताना मुलं एका पट्ट्यानं दप्तर हिसकून उचलतात, त्या झटक्यात ओझं दुपटीवर जातं. म्हणून मी मर्यादेच्या दुप्पट वजन टांगते, सातवीच्या मुलासाठी आठ लिटर पाणी, रात्रभर. सकाळी चौकोनाच्या वरच्या दोन कोपऱ्यांत बोटानं दाबून बघायचं. भोकं लांबट झाली असतील, कापडाला सुरकुती ओढली गेली असेल, तर उसवून मागे मोठा तुकडा लावायचा. शाळेच्या वाटेवर सुटण्यापेक्षा दाराच्या हुकावर सुटलेलं बरं.

तयार दप्तर उसवलंय आणि मशीनखाली जातच नाही, तर हातानं शिवा. पोती शिवायची दाभण घेऊन जुन्या भोकांपासून तीन मिलिमीटर बाजूला, चार-चार मिलिमीटरवर भोकं पाडा. नायलॉनचा दोरा मेणावरून दोनदा ओढून घ्या. दोन्ही टोकांना एकेक जाड सुई लावा आणि एकाच भोकातून एक सुई बाहेरून आत, दुसरी आतून बाहेर, अशा आळीपाळीनं न्या. प्रत्येक टाका दोन्ही हातांनी ओढून आवळा. यात प्रत्येक भोकात दोन दोरे असतात. एक तुटला तरी दुसरा जागेवर राहतो, मशीनच्या टिपेसारखी ओळ भराभर उसवत जात नाही. शेवटी तीन टाके मागे या, टोकं आतल्या बाजूला काढा, जरासं सोडून कापा आणि काडीच्या आचेवर वितळवून बोथट वस्तूनं दाबून बसवा. मुलाच्या त्या पहिल्या दप्तराचा उजवा पट्टा मी असाच शिवला. आता ते दप्तर धाकटीकडे आहे, आणि परवा डावा पट्टा बकलपाशी घासलेला दिसला. वरचा सांधा मात्र अजून जागचा हललेला नाही.